हिरवा चहा (चिनी)

हिरवा चहा : चहाच्या झुडपाची (शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस) कोवळी पाने खुडल्यावर ती काळी पडण्यापूर्वीच उष्णता देऊन, वळून व सुकवून तयार केलेला चहा. काळा चहा व हिरवा चहा ही दोन निराळ्या झाडांची पाने नसून एकाच पानावरील दोन भिन्न संस्कारांचे परिणाम आहेत. कोकणात ‘हिरवा चहा’ किंवा ‘पातीचा चहा’ हे नाव पुष्कळदा गवती चहाला दिले जाते. गुजरातीतही त्याला ‘लीली चा’ म्हणजे हिरवा चहा असेच म्हणतात. तथापि गवती चहा हे गवताच्या कुलातील वेगळे झाड असून त्याचा चहाच्या झुडपाशी काहीही संबंध नाही. 

प्रस्तुत नोंदीत चिनी हिरव्या चहाचा पूर्वेतिहास, तो तयार करण्याची, पाण्यात उतरविण्याची व चाखण्याची पद्धती आणि मुंबई बंदरातून झालेला त्याचा व्यापार यांचे विवेचन केले आहे. रायगड जिल्ह्यातील उरण हे गाव या बंदराच्या आग्नेय बाजूस वसलेले आहे. चीनला जाणारी व तेथून येणारी जहाजे शतकाहून अधिक काळ उरणच्या किनाऱ्यासमोरून ये-जा करीत होती, तरी हिरवा चहा या किनाऱ्यावर रुजला नाही. या चहाचा सर्व गुण त्याच्या ताजेपणात असतो आणि तो ताजेपणा जुन्या सागरी व्यापारात टिकत नसे, हे त्याचे एक मुख्य कारण होय.

पूर्वेतिहास : चहाच्या झुडपाचे मूलस्थान नैर्ऋत्य चीन व त्याला लागून असलेला म्यानमार आणि ईशान्य भारत यांचा डोंगराळ प्रदेश मानण्यात येते. चीनमध्ये चहा प्रथम औषधी काढा म्हणून व पुढे नित्याचे पेय म्हणून रूढ झाला. थांग राजवटीतील लू यू (सु. ७३३–८०४) याने आठव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेला चाजिंग हा चहाविषयीचा पहिला स्वतंत्र ग्रंथ होय. त्या काळी पाने वाफवून व कुटून त्यांच्या वड्या पाडीत; वडी भाजून तिची पूड करीत आणि ती किंचित मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकीत. लू यूने पाण्याची प्रतवारी लावताना डोंगरातील झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम व विहिरीचे कनिष्ठ ठरविले. पाण्याच्या उकळीच्याही त्याने तीन अवस्था सांगितल्या : माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे दिसणे, भांड्याच्या कडेने मोत्यांच्या सरासारखे बुडबुडे उठणे आणि लाटांप्रमाणे पाणी उसळणे. त्यापुढे उकळत राहिलेले पाणी त्याने चहाला अयोग्य मानले.

सुंग राजवटीत (९६०–१२७९) चहाची पूड पेल्यात घालून ती बांबूच्या कुंचल्याने फेस येईपर्यंत घुसळण्याची रीत आली. ह्वेइत्सुंग या सम्राटाने ११०७ च्या सुमारास चहावर एक ग्रंथही लिहिला. एइसाई हा जपानी बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतला व त्याने चहाच्या बिया जपानात नेल्या. पूड घुसळून पिण्याची पद्धत तेथे अद्याप टिकून आहे. चीनमध्ये मात्र मिंग राजवटीचा संस्थापक हुंगवू याने १३९१ मध्ये वड्यांच्या रूपातील राजदेय चहा बंद करून सुट्या पानांचा चहा देण्याचा आदेश काढला. त्यानंतर अखंड पान गरम पाण्यात भिजवून पिण्याची आजची पद्धत सर्वत्र पसरली आणि पाने वाफवण्याऐवजी लोखंडी कढईत भाजण्याचे तंत्र प्रगत झाले. हिरव्या चहाचे आजचे स्वरूप अशा रीतीने सु. सहाशे वर्षांचे आहे.

खुडणी व प्रक्रिया : चीनमध्ये हिरव्या चहाची सर्वांत मोलाची खुडणी वसंतात होते. छिंगमिंग या सणापूर्वी (४ किंवा ५ एप्रिल) खुडलेला चहा सर्वश्रेष्ठ व त्यानंतरच्या गूयू या पर्वापूर्वी (सु. २० एप्रिल) खुडलेला त्याच्या खालोखाल समजतात. आपल्याकडे हे दिवस साधारणतः चैत्राच्या आगेमागे येतात. हिवाळाभर झुडपाने साठविलेली ॲमिनो अम्ले या कोंबांत विपुल असतात. त्यांपैकी थिअनीन हे अम्ल चहाला गोडसर व भरीव चव देते. ते १९४९ मध्ये जपानमध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. उन्हाळा वाढेल तसे पानातील कॅटेचिनांचे प्रमाण वाढते व चहा अधिकाधिक तुरट होत जातो. एकाच झुडपाच्या चैत्रातील व आषाढातील पानांत म्हणूनच मोठा फरक आढळतो.

खुडलेला कोंब व त्यालगतची एक किंवा दोन पाने काही तास सावलीत पसरून ठेवतात. मग ती सु. २००° से. तापलेल्या कढईत टाकून हाताने सतत हलवितात. या क्रियेला चिनी भाषेत ‘हिरवेपणा मारणे’ अशा अर्थाचे नाव असले, तरी तिच्यामुळे हिरवेपणा टिकतो. पान काळे पाडणारी एंझाइमे उष्णतेने निष्क्रिय होतात व ऑक्सिडीभवन थांबते. त्यानंतर पान दाबून किंवा वळून त्याला विशिष्ट आकार देतात व पूर्ण सुकवितात. एक किग्रॅ. तयार चहासाठी चार ते पाच किग्रॅ. ओली पाने लागतात. जज्यांग प्रांतातील हांगजो येथील लुंगजिंग (चपटी, दाबलेली पाने), ज्यांगसू प्रांतातील थाय सरोवराकाठचा बीलोछुन (मळसूत्री, लवदार कोंब) आणि आन्ह्वे प्रांतातील ह्वांगशान डोंगरावरचा माओफंग हे विशेष प्रसिद्ध प्रकार होत. नुकत्याच भाजलेल्या लुंगजिंगला आगीचा उग्र वास असतो. तो जावा व ओलावाही शोषला जावा, म्हणून पाने कागदात बांधून कळीच्या चुन्याबरोबर मातीच्या रांजणात काही दिवस ठेवण्याची जुनी रीत आहे.

पाण्यात उतरविणे : हिरवा चहा उकळीत नाहीत. आधण आल्यावर पाणी खाली उतरवून ते सु. ७५°–८५° से.पर्यंत निवू देतात व मग पानांवर ओततात. साधारणतः १५० मिलि. पाण्यास ३ ग्रॅ. पाने पुरतात. कोंब जितका कोवळा, तितके पाणी कमी गरम असावे लागते. कॅटेचिने व कॅफीन अतिशय गरम पाण्यात झपाट्याने उतरतात, तर ॲमिनो अम्ले त्यामानाने कमी तापमानालाही उतरतात. त्यामुळे उकळते पाणी घातलेला उत्तम चहाही कडू व तुरट लागतो. ताजा चहा पहावयाचा असल्यास काचेचा उंच पेला घेतात. बीलोछुनसारखे लवदार व जड कोंब आधी भरलेल्या पाण्यावर वरून सोडतात आणि ते लगेच तळाशी जातात. लुंगजिंगसारखी चपटी पाने आधी तळाशी घालून त्यांवर पाणी ओततात. दोन-तीन मिनिटांत पाने उलगडतात व पाणी फिकट पिवळसर हिरवे होते. पेला पूर्ण रिकामा न करता तृतीयांश पाणी शिल्लक असतानाच पुन्हा गरम पाणी घालतात. चांगला चहा असा तीन वेळा उतरतो. पहिल्या खेपेस गंध, दुसरीत चव व तिसरीत केवळ गोडवा उरतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

चव-परीक्षण : व्यापारी परीक्षणाची रीत याहून भिन्न आहे. चीनच्या राष्ट्रीय मानकानुसार ३ ग्रॅ. पानांवर १५० मिलि. उकळते पाणी ओतून हिरवा चहा चार मिनिटे झाकून ठेवतात. पिणारा गुण खुलविण्यासाठी पाणी निववतो. परीक्षक दोष उघडे पडावेत म्हणून ते निववीत नाही. कोरड्या पानाचे रूप, पाण्याचा रंग, गंध, चव आणि भिजलेल्या पानांचा चोथा अशा पाच अंगांनी चहा पारखतात. परीक्षक घोट घेताना आवाज करून हवा ओढतो, कारण त्यामुळे चहाचे तुषार जिभेवर सर्वत्र पसरतात व गंध नाकाच्या मागील भागापर्यंत पोहोचतो. ताज्या लुंगजिंगचा गंध भाजलेल्या हुरड्याची आठवण करून देणारा असतो. घोट गिळल्यावर घशात मागाहून येणारी गोडी हे उत्तम चहाचे लक्षण समजतात. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जी गोडी जाणवते, तिच्याशी हिचे साम्य आहे. चोथ्यातील पाने अखंड, मऊ व जिवंत हिरवी असावीत. ती तपकिरी असल्यास चहा जुना किंवा सादळलेला असतो.

पश्चिम किनाऱ्यावरील आगमन : चीनशी सागरी संबंध जोडणारे पहिले यूरोपीय पोर्तुगीज होत. १५५७ मध्ये ते मकाव येथे स्थिर झाले. उरणचे करंजा बेटही त्या काळी, व पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठ्यांनी ते घेईपर्यंत, पोर्तुगीजांच्याच अमलाखाली होते. चिनी ‘चा’ हा शब्द पोर्तुगीज व फार्सी या दोन्ही भाषांनी जवळजवळ तसाच उचलला आणि मराठी ‘चहा’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. इंग्रजी ‘टी’ मात्र फूज्यान किनाऱ्यावरील ‘ते’ या उच्चारावरून डचांमार्फत आला.

सुरतेस १६३८ मध्ये आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने तेथील दैनिक बैठकींत चहा घेतला जात असल्याचे व तो पोट साफ करणारा समजला जात असल्याचे नमूद केले आहे. १६८९ मध्ये सुरतेस आलेला इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन याने तेथील वाणी लोक खडीसाखर किंवा लिंबू घालून चहा पितात व दुखण्यात त्यात गरम मसालेही घालतात, असे लिहिले. त्याने आपल्या १६९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात मुंबई व घारापुरी यांचेही वर्णन केले असून १६९९ मध्ये चहावर स्वतंत्र पुस्तिका काढली. घारापुरी बेट आज उरण तालुक्यात मोडते. या दोन्ही प्रवाशांच्या वर्णनांत चहा औषध म्हणून येतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मुंबई–कँटन व्यापार : इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी व करंजा ही बेटे मराठ्यांकडून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. त्यामुळे बंदराच्या दोन्ही बाजू त्यांच्या हाती आल्या. दोनच वर्षांनी, १७८४ मध्ये, ब्रिटिश संसदेने चहावरील कर सु. ११९ टक्क्यांवरून १२·५ टक्क्यांवर आणला. इंग्लंडमधील मागणी एकदम वाढली. परंतु चीनला द्यावयास पुरेशी चांदी नव्हती. ती उणीव प्रथम गुजरातच्या कापसाने व पुढे मुख्यत्वे अफूने भरून काढली. मुंबईचे व्यापारी कँटनला कापूस व अफू विकून आलेली रक्कम कंपनीच्या तेथील खजिन्यात भरीत व हुंड्या घेत आणि कंपनी त्या पैशातून चहा खरेदी करी. जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांच्यासारख्या व्यापाऱ्यांची संपत्ती या चीन-व्यापारातूनच उभी राहिली. लंडनला जाणाऱ्या चहाची मक्तेदारी १८३४ पर्यंत कंपनीकडे असल्याने मुंबईची जहाजे परतताना रेशीम, साखर, कापूर, चिनी मातीची भांडी व थोडाफार चहा आणीत.

ही जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर पूर्वेकडे जात व ईशान्य वाऱ्यांवर हिवाळ्यात परत फिरत. चैत्रात खुडलेले पान डोंगराळ अंतर्भागातून हमालांच्या खांद्यांवरून व नद्यांतून कँटनला पोहोचून मुंबईत उतरेपर्यंत आठ-दहा महिने लोटत; लंडनला त्याहून अधिक काळ लागे. खाऱ्या, दमट हवेत इतका काळ घालविलेल्या चहात ताज्या पानाचा गंध उरणे शक्य नव्हते. चीनबाहेरील जगाने ज्याला हिरवा चहा म्हणून ओळखले, तो असा शिळा चहा होता. काळे पान आधीच ऑक्सिडीभूत असल्याने प्रवासात त्याची हानी तुलनेने कमी होई. पुढे काळ्या चहाला जी सरशी मिळाली, तिचे हे एक कारण होय.

रंगविलेला चहा : जुन्या पानाचा गेलेला हिरवेपणा परत दाखविण्यासाठी, व परदेशी गिऱ्हाइकाला तोच रंग आवडतो म्हणून, निर्यातीचा हिरवा चहा रंगविण्यात येऊ लागला. झुडपांबद्दलही गैरसमज होता. लिनीअस याने १७६२ मध्ये हिरव्या व काळ्या चहाच्या झुडपांना दोन निराळ्या जाती मानले होते. १८४२ चा नानकिंगचा तह झाल्यावर चीनची पाच बंदरे परकीयांना खुली झाली; हा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर झाला, ती १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेली होती. त्यानंतर चीनमध्ये गेलेल्या रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दोन्ही चहा एकाच झुडपापासून होतात हे सिद्ध केले. कंपनीतर्फे १८४८–५१ मध्ये वेषांतर करून केलेल्या प्रवासात त्याने प्रशियन ब्लू व जिप्सम यांनी पाने रंगविताना प्रत्यक्ष पाहिली. शंभर पौंड रंगीत चहामागे अर्ध्या पौंडाहून अधिक रंग पिणाऱ्याच्या पोटात जातो, असा त्याचा हिशेब होता. स्वतः चिनी लोक असा चहा पीत नसत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई हे चिनी हिरव्या चहाच्या पुनर्निर्यातीचे केंद्र होते. येथे उतरलेला माल इराणी आखाताकडे आणि रेल्वेने उत्तरेस जाऊन पेशावरमार्गे अफगाणिस्तान व मध्य आशियाकडे जाई. तेथे तो आवडीने पिण्यात येई. पण वाटेवरील मराठी मुलखात तो थांबला नाही. तो पिणारे चिनी लोक बंदराच्या पश्चिम काठावर, माझगाव परिसरात राहत. गोदी व जहाजांशी संबंधित असलेल्या या वस्तीने १९१९ मध्ये तेथे सी युप कून हे मंदिर स्थापन केले. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर ही वस्ती बरीच रोडावली. माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराला लाँच जाते. एवढ्या जवळ असूनही चिनी पद्धतीचा चहा या पाण्यापलीकडे गेला नाही.

उरण व चहा : एकोणिसाव्या शतकातील उरण मीठ, मासळी, भात व मोहाची दारू यांसाठी प्रसिद्ध होते. दारूच्या भट्ट्या बव्हंशी पारशांच्या होत्या व त्यांचा माल मुंबईस जाई. चहा येथे विसाव्या शतकात सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला, आणि तो भारतीय काळा चहा होता. आसामातील लागवडीचा चहा १८३९ मध्ये लंडनच्या लिलावात आला व त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बाजारात भारतीय चहाने चिनी चहाला मागे टाकले. १९०३ च्या उपकर कायद्याने चहाच्या प्रचारासाठी निधी उभा राहिला. रेल्वे स्थानके, गिरण्या व बाजार यांतून देशी गिऱ्हाईक घडविण्यात आले. १९३० च्या सुमारास निघालेल्या यंत्राने पाने चुरून, फाडून व वळून दाणेदार स्वस्त चहा तयार होऊ लागला. दूध व साखर घालून उकळलेल्या पाण्यात हा चहा कडक उतरतो; मजुराला त्यातून ऊब, गोडी व तरतरी एकदम मिळते. पाण्याचा मचूळपणाही त्यात झाकला जातो. किनाऱ्यावरील विहिरींच्या बाबतीत ही लहान सोय नव्हती. नाजूक हिरवे पान अशा पाण्यात टिकले नसते. लू यूने विहिरीचे पाणी शेवटच्या क्रमांकावर ठेवले होते, हे येथे आठवते.

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. बंदर व नवी मुंबई यांच्या उभारणीसाठी येथील शेती, मिठागरे व वस्त्या गेल्या. भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. आज हे देशातील एक प्रमुख कंटेनर बंदर आहे. चीनच्या पूर्व किनाऱ्यावरून येथे येण्यास जहाजाला काही आठवडे पुरतात व हवाबंद वेष्टनातील चहा पूर्वीसारखा नासत नाही. जो माल पूर्वी या किनाऱ्यासमोरून पश्चिमेकडे मुंबईस जाई, तो आता याच किनाऱ्यावर उतरतो.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात हिरवा चहा शहरी महाराष्ट्रात परतला आहे, पण पुन्हा औषध म्हणून. तो मुख्यत्वे वजन घटविण्यासाठी कागदी पुड्यांतून घेतला जातो, वस्तुतः त्याचा वजनावरील परिणाम अल्प असल्याचे आढळले आहे. पुडीतील बारीक चुऱ्यावर उकळते पाणी ओतल्याने तो कडू होतो, आणि कडू म्हणून गुणकारी असा समज दृढ होतो. चुरा न घेता अखंड पान घेतल्यास, पाणी निववून ओतल्यास व पाने वेळीच पाण्याबाहेर काढल्यास हा दोष राहत नाही. किनाऱ्यावर चहा साठविताना विशेष दक्षता घ्यावी लागते. पावसाळी हवेत उघडे राहिलेले पान लवकर सादळते. शिवाय चहा भोवतालचे वास शोषून घेतो, म्हणून सुके बोंबील किंवा जवळा ठेवलेल्या फडताळात तो ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवून तो वसंतातील खुडणीपासून एका वर्षाच्या आत संपवावा.

ताज्या पानाचा चहा म्हणून उरण परिसरात जो खऱ्या अर्थाने परिचित आहे, तो गवती चहाच होय. परसात सांडपाण्यावर वाढलेल्या बेटातून दोन पाती कापून त्या आल्याबरोबर आधणात टाकतात. सिट्रल या घटकामुळे त्यांना लिंबासारखा गंध येतो आणि पात वाळली की तो मंदावतो. वनस्पती निराळी, पाणी उकळते व जोडीला दूध-साखर असली, तरी पान खुडणे व पिणे यांत फार अंतर पडू द्यावयाचे नाही, हा चिनी चहातील मुख्य नियम येथील स्वयंपाकघरांत कोणी न शिकविता पाळला जात आहे.